परसातला पोहण्याचा तलाव: डागडुजी पुरेल, की नव्याने बांधावा लागेल?

गोव्यातल्या पर्वरी, आसगाव, शिवोली, नेरूल या भागांत आणि सासष्टीच्या किनाऱ्याजवळच्या गावांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी बांधलेल्या अनेक बंगल्यांच्या परसात पोहण्याचे तलाव आहेत. त्यांपैकी बऱ्याच तलावांनी आता मालकांना एकाच प्रश्नापाशी आणून सोडले आहे. टाइल सुटू लागल्या आहेत, पाणी रोज थोडे थोडे उतरते आहे, पंप कुरकुरतो आहे. अशा वेळी एक कंत्राटदार म्हणतो की टाइल बदलल्या म्हणजे झाले, तर दुसरा म्हणतो की सगळे तोडून नव्याने बांधल्याशिवाय गत्यंतर नाही. दोघांनीही बहुधा पाहिलेला असतो तो फक्त वरचा पृष्ठभाग.

हा निर्णय टाइलवरून घ्यायचा नसतो. तो दोन गोष्टींवर ठरतो: काँक्रीटच्या आतल्या सळईची अवस्था कशी आहे, आणि तलावाच्या खालची व बाजूची जमीन पावसाळ्यात कशी वागते. या दोन गोष्टी कळल्या की बाकीचे प्रश्न खर्चाचे आणि आवडीचे उरतात. त्या कळण्याआधी दिलेली कोणतीही ऑर्डर, मग ती ग्लास मोझॅकची असो वा ब्रेकर लावलेल्या पोकलेनची, घाईची ठरते.

गोव्यात या कामाला हंगामाचे बंधन आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, म्हणून तपासणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, रिकामा करून करायचे काम जानेवारीपासून आणि पुन्हा पाणी भरणे मेच्या मध्यापूर्वी, असा क्रम धरावा. नूतनीकरण सहा-आठ आठवड्यांत उरकते. नव्या बांधणीला खोदाई, काँक्रीट, पाणी मारणे, गळती-चाचणी, वॉटरप्रूफिंग आणि टाइल धरून तीन ते चार महिने सहज लागतात. त्यामुळे नवे बांधायचे असेल तर निर्णय नाताळापूर्वी झालेला बरा.

पहिली पायरी: तलाव रिकामा न करता पाणी कुठे जाते ते शोधणे

तपासणी म्हटले की पाणी उपसून टाकण्याची घाई होते. ती करू नये. भरलेला तलाव जेवढे सांगतो तेवढे रिकामा सांगत नाही, आणि रिकामा करण्यात जो धोका आहे त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

सुरुवात बादलीच्या चाचणीने करावी. तलावाच्या वरच्या पायरीवर प्लॅस्टिकची बादली ठेवून तीत तलावाचेच पाणी भरावे, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करावी आणि दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने किंवा चिकटपट्टीने खूण करावी. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या किती उतरल्या ते मोजावे. बादलीतले पाणी फक्त उन्हाने आणि वाऱ्याने उडालेले असते, म्हणून तलावाची पातळी त्याहून जास्त उतरली असेल तर तो फरक म्हणजे गळती. उघड्या, वारा लागणाऱ्या जागी उन्हाळ्यात दिवसाला पाच ते आठ मिलिमीटर पाणी उडणे स्वाभाविक आहे आणि त्याला गळती समजून घाबरू नये. मात्र आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद तलावात रोज एक सेंटिमीटर जादा घट असेल तर ती ३२० लिटर होते, म्हणजे महिन्याला जवळजवळ दहा हजार लिटरचा एक टँकर जमिनीत मुरतो.

ही चाचणी दोनदा करावी, एकदा पंप नेहमीप्रमाणे चालू ठेवून आणि एकदा पूर्ण बंद ठेवून. पंप चालू असताना गळती वाढत असेल तर संशय पाणी परत आणणाऱ्या दाबाच्या पाइपांवर घ्यावा. पंप बंद असताना जास्त असेल तर ओढणाऱ्या बाजूवर. दोन्ही वेळा सारखीच असेल तर सांगाडा (तलावाचे काँक्रीटचे मूळ कवच), दिव्याची खोबण किंवा स्किमरचा (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचा) सांधा तपासावा. कडेवरून पाणी सांडणारा ओव्हरफ्लो तलाव असेल तर पातळी कडेच्या खाली उतरवून आणि बॅलन्सिंग टँक (सांडलेले पाणी साठवणारी टाकी) वेगळा करून मगच मोजमाप घ्यावे, नाहीतर टँकची गळती तलावाच्या नावावर जमा होते.

त्यानंतर, जमिनीतील पाणी खाली गेलेल्या दिवसांत, दोन-चार दिवस नवे पाणी न घालता पातळी कुठे येऊन थांबते ते पाहावे. स्किमरच्या तोंडाखाली थांबली तर दोष बहुधा स्किमरच्या सांध्यात असतो. दिव्याच्या उंचीवर थांबली तर दिव्यामागच्या वायरच्या नळीत असतो आणि ही जागा लोक नेमकी विसरतात. संशयाच्या ठिकाणी पंप बंद करून, पाणी पूर्ण स्थिर झाल्यावर, सिरिंजने थोडा रंग सोडला की भेग असेल तिथे रंगाची रेघ आत ओढली जाताना डोळ्यांना दिसते. पाइपांसाठी प्लंबरकडून दाब-चाचणी करून घ्यावी. प्रत्येक लाइन दोन्ही टोकांना बुचे मारून दीड ते दोन बार दाबावर अर्धा तास धरावी आणि काटा उतरतो का ते मालकाने स्वतः उभे राहून पाहावे.

या पायरीला निर्णयात मोठे वजन आहे, कारण गळती पाइपात किंवा सांध्यात सापडली तर तलाव नव्याने बांधण्याचा विषयच बहुतेक वेळा संपतो. पाइप कोपिंगच्या (तलावाच्या काठावरच्या दगडी किंवा फरशीच्या पट्टीच्या) बाहेरून नवे टाकता येतात.

दुसरी पायरी: तलाव हलला आहे का

स्थिर पाणी कायम समतल असते, त्यामुळे वाऱ्याविना असलेल्या सकाळी पाण्याची रेषा आणि टाइलच्या वरच्या ओळीची रेषा यांतले अंतर चारही कोपऱ्यांत मोजले की तलाव एका बाजूला कललेला आहे की नाही हे कोणत्याही उपकरणाशिवाय कळते. एक-दोन सेंटिमीटरचा फरक मूळ बांधकामातलाच असू शकतो. मोजमाप तारखेसह लिहून ठेवावे आणि दोन-तीन महिन्यांनी, शक्य असल्यास एका पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे, पुन्हा घ्यावे. फरक वाढत असेल, सोबत भिंतीत तिरप्या भेगा असतील आणि कोपिंग व भोवतालची फरशी यांच्यात फट पडत असेल, तर जमीन खचते आहे. खचणाऱ्या जमिनीवरच्या तलावाला नवीन टाइल लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

भेगांचे वाचन शांतपणे करावे. ग्राउटमधल्या (टाइलच्या सांध्यांत भरलेल्या मसाल्यातल्या) किंवा गिलाव्यातल्या केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा वरवरच्या असतात. एकाच दिशेने लांब जाणारी, भिंतीवरून तळावर उतरणारी, बोटाला दोन कडांची उंची वेगळी लागणारी भेग सांगाड्याची असते. पाणी साठवणाऱ्या बांधकामांसाठी भारतीय मानक आयएस ३३७० मध्ये भेगेच्या रुंदीचा हिशेब ०.२ मिलिमीटरवर धरलेला आहे आणि त्याच्या २००९ च्या आवृत्तीने आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट सांगितले आहे. त्यापूर्वी बांधलेल्या घरगुती तलावांत एवढे चांगले काँक्रीट असेलच असे गृहीत धरू नये.

तिसरी पायरी: जमीन आणि तलाव उचलला जाण्याचा धोका

गोव्यात एकाच गावात तीन प्रकारच्या जमिनी भेटतात. सड्यावरचा जांभा दगड घट्ट असतो आणि तिथे तलाव सहसा खचत नाही, पण त्याच्या भोकांतून पावसाळ्यात पाणी एखाद्या वाटेने वेगाने येऊ शकते. किनाऱ्यालगतच्या वाळूत भूजल उथळ आणि काहीसे खारट असते. खाजनाच्या (भरतीच्या पाण्यालगतच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) काठी किंवा भराव घालून उंच केलेल्या जमिनीत खचणे आणि वर उचलले जाणे हे दोन्ही धोके एकत्र येतात. आपला तलाव कशावर उभा आहे हे ठाऊक नसेल तर आवारातली किंवा शेजारची विहीर पाहावी. जमिनीपासून तिच्या पाण्याची खोली ऑगस्टमध्ये किती आणि एप्रिलमध्ये किती, हे दोन आकडे अत्यंत उपयोगी आहेत.

त्यांचा उपयोग कसा होतो ते एका साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. आतून आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दीड मीटर खोल अशा तलावाच्या भिंती व तळ वीस सेंटिमीटर जाड असतील, तर त्यात सुमारे पंधरा घनमीटर काँक्रीट असते आणि त्याचे वजन ३७ टनांच्या आसपास भरते. बाहेरून त्याच्या तळाचे क्षेत्रफळही सुमारे ३७ चौरस मीटर आहे. म्हणजे तळाच्या खालच्या बाजूपासून भूजल एक मीटर वर चढले की खालून उचलणारा जोर ३७ टन होतो आणि रिकाम्या तलावाचे सारे वजन तिथेच संपते. या तलावाचा तळ जमिनीखाली १.७ मीटरवर असल्याने, भूजल जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर खोलीपर्यंत आले तरी हे घडते. सखल भागात जुलै-ऑगस्टमध्ये ही पातळी अजिबात असामान्य नाही. तलाव भरलेला असतो तेव्हा आतल्या ४८ टन पाण्यामुळे तो जागेवर राहतो. ऐन पावसात साफसफाईसाठी उपसला की तो एका बाजूने वर येतो, पाइप तुटतात आणि दुरुस्तीचा पर्यायच हातचा जातो. फायबरग्लासचे तयार तलाव वजनाला फारच हलके असल्याने त्यांच्या बाबतीत हा धोका कितीतरी जास्त असतो.

म्हणून रिकामा करण्याआधी तलावाच्या बाजूला, तळाच्या खोलीपर्यंत, छिद्रे पाडलेला एक पीव्हीसी पाइप उभा पुरून त्यात पाणी किती वर आहे ते पाहावे. पाणी तळाच्या वर असेल तर थांबावे, किंवा त्याच पाइपातून पंपाने भूजल खाली ठेवून मगच उपसा करावा. मेन ड्रेनच्या (तळाच्या निचऱ्याच्या तोंडाच्या) खड्ड्यात भूजलाचा दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह असेल तर तो चालू अवस्थेत आहे का हेही पाहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी उघडेलच असे नाही.

उपसलेले पाणी कुठे सोडायचे याचाही विचार करावा. क्लोरीन घालणे चार-पाच दिवस आधी थांबवावे म्हणजे उन्हात ते निघून जाते, आणि टेस्ट किटवर शून्य आल्याशिवाय पाणी बागायतीत, शेतात किंवा ओहोळात सोडू नये. शेजाऱ्याच्या विहिरीकडे उतार असेल तर त्या बाजूला तर मुळीच सोडू नये.

चौथी पायरी: ठोकून, फोडून आणि प्रयोगशाळेतून तपासणी

तलाव रिकामा झाला की लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन प्रत्येक चौरस फुटावर हलके ठोकत जावे. घट्ट बसलेली टाइल टणक आवाज देते, सुटलेली पोकळ वाजते. पोकळ जागा खडूने घेरून फोटो काढावा. खडूचे डाग विखुरलेले असतील तर ती टाइलची आणि मसाल्याची गोष्ट आहे. ते एका भेगेच्या दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेवर किंवा दिव्याखाली ओळीने आले असतील तर आत काहीतरी फुगते आहे.

ते काय ते पाहण्यासाठी एक जागा फोडावीच लागते आणि मालकाने या वेळी हजर राहावे. पाण्याच्या रेषेखाली तपकिरी ओघळ दिसतो तिथली टाइल काढली की आधी मसाल्याचा थर निघतो, मग काँक्रीट. छिन्नीने अगदी हलक्या हाताने काँक्रीटचा पापुद्रा सुटून आला आणि चाळीस-पन्नास मिलिमीटर आत असायला हवी ती सळई पंधरा-वीस मिलिमीटरवरच भेटली, तर अर्धे उत्तर तिथेच मिळाले. मग तारेच्या ब्रशने गंजाचे थर काढून व्हर्नियरने व्यास मोजावा. मूळच्या दहा मिलिमीटर सळईचे माप सात भरले तर ऐकायला तीनच मिलिमीटर गेले असे वाटते, पण छेदाचे क्षेत्रफळ निम्म्यावर आलेले असते आणि ताकद क्षेत्रफळावर अवलंबून असते. अशा जागा फक्त दिव्याभोवती किंवा एका कोपऱ्यात असतील तर दुरुस्ती शक्य आहे. चारही भिंतींवर जिथे फोडाल तिथे हेच दिसत असेल तर या सांगाड्यावर नवी सजावट चढवू नये.

याची पुष्टी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आणि बांधकाम साहित्याच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी. काँक्रीटचा कोअर (ड्रिलने कापलेला दंडगोल तुकडा) काढून ताकद तपासता येते, आणि ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी घेऊन तीत क्लोराइड किती आहे ते मोजता येते. ही दुसरी चाचणी गोव्यात मी सर्वांत महत्त्वाची मानतो. मांडवी, झुआरी, शापोरा या नद्यांत भरतीचे खारे पाणी उन्हाळ्यात बरेच आत शिरते, आणि अशा पट्ट्यातून काढलेली वाळू नीट न धुता वापरली गेली असेल तर मीठ बांधकामाच्या पहिल्या दिवसापासूनच काँक्रीटमध्ये असते. आयएस ४५६ नुसार आरसीसीत क्लोराइडचे प्रमाण घनमीटरला ०.६ किलोच्या आत असावे लागते. केवळ आतल्या पृष्ठभागालगत ते जास्त असेल तर ते तलावाच्या पाण्यातून आले असे समजावे, आणि खराब थर काढून टाकण्यास वाव राहतो. भिंतीच्या पूर्ण जाडीत ते सारखेच जास्त असेल तर मीठ मुळातच आहे, आणि मग इथे-तिथे केलेले ठिगळकाम उलट नुकसान करते, कारण नव्या, स्वच्छ मसाल्यातली सळई सुरक्षित होते आणि तिच्या लगतची जुन्या काँक्रीटमधली सळई अधिक वेगाने गंजू लागते. दोन वर्षांनी ठिगळाच्या कडेलाच पुन्हा तडा गेलेला दिसतो, तो यामुळे.

टाइलच्या ग्राउटची झीज मात्र वेगळ्या कारणाने होते आणि तिच्यावरून सांगाड्याबद्दल काही अनुमान काढू नये. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, आणि असे पाणी आपली चुन्याची भूक सिमेंटच्या ग्राउटवर भागवते. पीएच ७.२ ते ७.८, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम आणि कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम राखले आणि नव्या कामात इपॉक्सी ग्राउट वापरले की ही तक्रार बहुतांशी थांबते.

फायबरग्लासच्या तलावात ठोकण्याऐवजी चालून पाहावे. पायाखाली तळ दबतो का, भिंतीला फुगवटा आहे का, जेलकोटवर (वरच्या गुळगुळीत रंगीत थरावर) फोड आले आहेत का, हे पाहावे. फोड आणि रंग उडणे दुरुस्त होते. दबणारा तळ म्हणजे खालचा भराव वाहून गेला आहे, आणि तिथे तलाव उचलून जमीन पुन्हा भरून घेतल्याशिवाय दुसरा उपाय नाही.

पाचवी पायरी: समोर नेमके कोणते पर्याय आहेत

दुरुस्ती आणि नवी बांधणी यांच्यामध्ये बरीच जागा आहे आणि ती कंत्राटदार क्वचितच दाखवतात.

सांगाडा निरोगी असेल तर जुनी टाइल आणि मसाला पूर्ण काढून, सांधे सील करून, नवे वॉटरप्रूफिंग आणि नवी टाइल हे काम पुरेसे आहे. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवण्याचा स्वस्त सल्ला ऐकू नये, कारण खालची टाइल सुटली की वरचीही जाते. सांगाडा भक्कम पण बारीक भेगांमुळे पाझरणारा असेल तर दीड मिलिमीटरचे जाळीयुक्त पीव्हीसी मेम्ब्रेन आतून बसवता येते. ते पाणी अडवते, पण भिंतीला ताकद देत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांगाड्यावर ते घालणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

जुना तलाव फार खोल असेल तर खोली कमी करण्याचा विचार अवश्य करावा. घरगुती वापराला सव्वा ते दीड मीटर खोली पुरते. सरासरी १.८ मीटरची खोली १.३५ वर आणली तर आठ बाय चारच्या तलावात १४,४०० लिटर पाणी वाचते, तेवढे क्लोरीन आणि तेवढी विजेची गरज कमी होते. ही भर काँक्रीटची असेल तर तिचे वजन पावसाळ्यातल्या उचलणाऱ्या जोराविरुद्धही कामी येते. मात्र मेन ड्रेन वर आणणे आणि नव्या-जुन्या काँक्रीटचा जोड हे इंजिनिअरने आखून द्यावे.

ज्या पर्यायाकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो तो म्हणजे जुन्या तलावाच्या आत नवा आरसीसी सांगाडा. जुन्या भिंती साचा म्हणून वापरून आत पंधरा-वीस सेंटिमीटर जाडीची स्वतंत्र सळई आणि नवे काँक्रीट घातले की आठ बाय चारचा तलाव साधारण ७.६ बाय ३.६ होतो, पण ब्रेकरचा हादरा, ट्रकभर मलबा आणि उघड्या खड्ड्याचा धोका हे तिन्ही टळतात. वाड्यांतल्या अरुंद वाटांवर, दोन माडांमधून जेसीबी आत येऊच शकत नाही अशा घरांना तर हा पर्याय फार सोयीचा आहे. अट एकच की जुना तलाव खचत नसावा.

पूर्ण तोडून नव्याने बांधणे तेव्हाच योग्य, जेव्हा जमीन खचते आहे, तलाव उचलला जाऊन वाकडा झाला आहे, किंवा सांगाडा सर्वत्र गंजला आहे आणि आतल्या नव्या सांगाड्याइतकी जागा सोडता येत नाही. तलावाची जागाच चुकली असेल, म्हणजे तो सेप्टिक टँकला किंवा घराच्या पायाला खेटून असेल, तेव्हाही हाच मार्ग.

आणि एक पर्याय मोकळेपणाने विचारात घ्यावा: तलाव बंद करणे. मुले मोठी होऊन बाहेरगावी गेली असतील आणि घरी दोन वयस्क माणसे राहत असतील, तर वर्षभर पंप चालवण्यात अर्थ नाही. निरोगी सांगाडा वर स्लॅब घालून पावसाच्या पाण्याची टाकी होऊ शकतो, आणि मार्च ते मे या काळात टँकर मागवणाऱ्या घराला चाळीस-पंचेचाळीस हजार लिटरचा साठा मोलाचा असतो. बुजवायचाच असेल तर तळाला मोठी भोके पाडून मगच भराव घालावा, अन्यथा आत पाणी साचून वरची बाग कुजते.

सहावी पायरी: खर्चाची तुलना

तुलना एकरकमी आकड्यांची करू नये, वर्षांमागे पडणाऱ्या खर्चाची करावी. समजा नव्या बांधणीचा सगळा खर्च शंभर भाग आहे आणि ती पंचवीस वर्षे टिकेल, तर वर्षाला चार भाग पडतात. नूतनीकरण चाळीस भागांत होत असेल पण सांगाड्याच्या अवस्थेमुळे आठच वर्षांची खात्री असेल, तर वर्षाला पाच भाग पडतात आणि स्वस्त वाटणारे काम महाग ठरते. तेच नूतनीकरण निरोगी सांगाड्यावर पंधरा वर्षे चालणार असेल तर वर्षाला तीन भागांपेक्षाही कमी पडते. म्हणून इंजिनिअरला "दुरुस्त होईल का" एवढेच न विचारता "किती वर्षे" हे लेखी विचारावे.

नव्या बांधणीच्या खात्यात तोडफोड, मलबा वाहून नेणे, जांभ्यात ब्रेकर, भूजल उपसण्याचे पंप, मोडलेली फरशी आणि बाग, आणि वाया जाणारा एक हंगाम हे सर्व धरावे. नूतनीकरणाच्या खात्यात अनपेक्षित कामांसाठी किमान वीस टक्के राखीव ठेवावेत, कारण टाइल निघाल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत. ही राखीव रक्कम धरूनही नूतनीकरण नव्या बांधणीच्या साठ टक्क्यांपुढे जात असेल, तर मी नव्या बांधणीच्या किंवा आतल्या सांगाड्याच्या बाजूने कौल देईन.

सातवी पायरी: परवानग्या

असलेल्या चौकटीत टाइल, पाइप आणि यंत्रे बदलणे आणि नवा तलाव खोदणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या बांधकामाला २०१० च्या गोवा जमीन विकास व बांधकाम नियमावलीप्रमाणे नगर व ग्रामनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना हा मार्ग आहे. उतार कापायचा किंवा सखल भागात भराव घालायचा असेल तर १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्याचे कलम १७-अ लागू होते. विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असाल तर २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली विहिरीची नोंद आहे का ते तपासावे.

समुद्राच्या किंवा भरतीच्या नदीच्या जवळच्या मालमत्तेत किनारपट्टी नियमन क्षेत्राचा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, आणि त्यापूर्वीपासूनचे बांधकाम असल्याचा पुरावा हा मालकाचा मोठा आधार असतो. जुना तलाव तोडून टाकला आणि नव्याला परवानगी मिळाली नाही, तर हातात खड्डा उरतो. म्हणून एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद), सर्व्हे प्लॅन, जुना परवाना आणि मंजूर नकाशा एकत्र करून गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून स्थिती स्पष्ट झाल्याशिवाय हातोडा उचलू नये.

आठवी पायरी: काम कोणतेही असो, या गोष्टी त्यात असाव्यात

जुन्या तलावांत तळाला एकच मेन ड्रेन असतो, आणि त्याची जाळी तुटली तर पंपाच्या ओढीने लहान मूल तिथे अडकू शकते. नूतनीकरणात दोन ड्रेन, एकमेकांपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर, फुगीर जाळीसह, घ्यावेत. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच असावेत, पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असावा आणि शिडी, रेलिंग व सळई यांचे अर्थिंग जोडून तपासलेले असावे. तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक लावावे. टाइलच्या रंगावर महिनाभर चर्चा करणारी कुटुंबे या गोष्टी "नंतर बघू" म्हणून सोडतात. त्या आधी कराव्यात.

करारात काम टप्प्यांत मांडून घ्यावे आणि पाणी-चाचणी टाइलच्या आधी असल्याची खात्री करावी. सांगाड्याचे काम झाल्यावर तलाव भरून सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यावे, पुढचे सात दिवस बादलीच्या चाचणीसह घट मोजावी, आणि नोंदवहीवर मालक व कंत्राटदार या दोघांनी सही करावी. ही चाचणी टाळून थेट टाइल लावायला निघालेल्या कंत्राटदाराला थांबवावे, कारण टाइलखालची गळती शोधण्याचा खर्च चाचणीच्या कित्येक पटींनी जास्त येतो. शेवटच्या हप्त्यातला दहा टक्के भाग पहिला पावसाळा उलटून ऑक्टोबरमध्ये कोपऱ्यांची मोजमापे पुन्हा घेईपर्यंत राखून ठेवावा.

पाइप आणि वायरच्या नळ्या झाकण्यापूर्वी प्रत्येकीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो घ्यावा आणि त्यावरून काढलेला नकाशा लॅमिनेट करून पंप रूमच्या दारामागे लावून ठेवावा. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी फरशी नेमकी कुठे उकरायची ते त्यावरून कळेल.